इस्त्री केलेली पिशवी

भाद्रपद कधी लागतो हे मला कॅलेंडर बघून कधीच कळलेलं नाही. शाळेत आमचे महिने जूनपासून सुरू व्हायचे आणि पहिली युनिट टेस्ट, दुसरी युनिट टेस्ट, सेमिस्टर अशा ओळीने जायचे. मराठी महिने पाठ्यपुस्तकात एका पानावर होते, परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरले. पण आमच्या महाडच्या घरात एक दिवस असा येतो, की पाऊस थोडा हात आखडता घेतो, दुपारी तासभर पिवळं ऊन पडतं आणि आई घरातल्या सगळ्या कापडी पिशव्या एकदम गॅलरीत आणून टाकते. कठड्यावर, खुर्चीच्या पाठीवर, झाडूच्या दांड्यावरसुद्धा. तो माझा भाद्रपद.

आजही तसंच ऊन आलं आहे. कठड्यावर सात पिशव्या आहेत. एक माझ्या शाळेच्या निळ्या चौकड्यांच्या युनिफॉर्मची. एक बाबांच्या राखाडी पँटची, खिशासकट. बाबा कोर्टात क्लार्क होते, त्यांच्या पँटी कधी फाटत नसत, फक्त बसायच्या जागी चकाकत असत. आईने पँटचा वरचा भाग कापून पिशवी शिवली आणि खिसा तसाच ठेवला, कोथिंबिरीसाठी. ती घेऊन मी पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा भाजीवाल्या काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "अगो, हिच्या बापाला घरात बसवून आली ही!"

त्या दिवशी मला परत प्लास्टिककडे पळून जावंसं वाटलं होतं.

खरं सांगायचं तर घरात प्लास्टिक बंद करायचं माझ्याच डोक्यातून निघालं, आणि त्याचा सर्वात जास्त त्रास मलाच झाला. लाजऱ्या माणसाला प्लास्टिकच्या पिशवीसारखी सोय नाही. बोट दाखवायचं, काकू तोलतात, पिशवीत टाकतात, गाठ मारतात, आपण पैसे द्यायचे आणि निघायचं. एक शब्द बोलावा लागत नाही. कापडी पिशवी घेऊन गेलं की बोलणं आलंच. काकू थांबा, आधी बटाटे, टोमॅटो वर. मिरच्या वेगळ्या, त्या खिशात घाला. नाही हो, पँटच्या खिशात. मागे चार बायका उभ्या असतात, त्यांना घाई असते आणि काकू नेमकं तेव्हाच 'काय गो?' म्हणून पुन्हा विचारतात.

पण आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक मोठी पिशवी टांगलेली असायची आणि तिच्या पोटात शंभरेक पिशव्या. दार पूर्ण उघडायचंच नाही. त्यातली प्रत्येक पिशवी आई 'लागेल' म्हणून ठेवायची, आणि पावसाळ्यात त्या लागायच्याही. बाबांच्या फायलींना, माझ्या मोबाइलला, वाळत घातलेले कपडे आणायला जाताना डोक्यावर. तरी दोन आणल्या की एक लागायची. सावित्री नदीचं पाणी चढून उतरलं की काठच्या झाडांना त्याच पिशव्या लोंबताना दिसायच्या, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर. पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरून कळायचं. कॉलेजला जाता-येता मी त्या बघायचे आणि मला उगाच वाटायचं, त्यात आमच्या दारामागच्या किती असतील. कोणाला बोलले नाही. एका रविवारी फक्त दारामागची पिशवी खाली काढली आणि आईला म्हटलं, "आता नको आणायला."

आई म्हणाली, "पावसात काय करशील?"

"बघू."

"कापड वाळत नाही गं आपल्याकडे. बुरशी धरते."

ती खरंच धरायची. आषाढात आमच्या पिशव्यांना ओल्या पोत्याचा वास यायचा. एकदा मिठाची पुडी भिजली आणि युनिफॉर्मच्या पिशवीवर पांढरे नकाशे उमटले. पण आईने एकदा शिवणयंत्र बाहेर काढलं की ती मागे हटत नाही. तिने पिशव्यांना दुहेरी तळ घातले, बंद लांब केले, आणि मग तिच्या डोक्यात जे आलं ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. ती म्हणाली, "एक कुडपणला पाठवू."

कुडपण हे आईचं माहेर. पोलादपूरच्या वर, घाट चढून गेलं की पठारावर. अर्धा श्रावण उलटला की भाद्रपदभर तिथून आमच्याकडे काकड्या येतात, हाताएवढ्या, पिवळट, पाठीवर जाळी असलेल्या. शिराळी, म्हणजे दोडकी, येतात, चवळीच्या शेंगा येतात. जीप चालवणारे बाळूदादा मंगळवारी आणि शुक्रवारी महाडपर्यंत येतात, आमच्या कोपऱ्यावर थांबतात आणि दोनदा हॉर्न वाजवतात. पूर्वी मामा हे सगळं पाठवायचा. तीन वर्षांपूर्वीच्या ज्या भाद्रपदाबद्दल मी लिहिते आहे, तेव्हा मामाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आजी-आजोबा तर मी लहान असतानाच गेले. घरात मामी एकटी, तिचा मुलगा मुंबईत.

मामा गेल्यानंतरच्या पहिल्या भाद्रपदात आई कशी वागत होती ते मी पाहिलं होतं. मंगळवार-शुक्रवार सकाळी तिला गॅलरीत काहीतरी काम निघायचं. काकड्या येतील का, असं ती कधी म्हणाली नाही. पण आल्या तेव्हा तिने पिशवीची गाठ सोडली नाही, तशीच मांडीवर घेऊन बसली. भाऊ गेल्यावर माहेर उरतं का, हा प्रश्न तिने मोठ्याने विचारला नव्हता. तिचं आणि मामीचं कधी भांडण नव्हतं, पण गोडीही बेताचीच. दोघी एकमेकींशी जपून बोलायच्या. दोघींच्या मधे मामा होता, तो दोन्हीकडचं हसून सांभाळायचा. आता मधली जागा रिकामी होती आणि तिथे वर्षातून तीन-चारदा एक प्लास्टिकची पिशवी यायची. ती आली की संपलं. धुवायची, दारामागे कोंबायची. तिला परत पाठवायचं काही कारणच नव्हतं.

कापडी पिशवीला मात्र परत जावं लागतं. आईने माझ्या युनिफॉर्मची पिशवी निवडली, तीच सर्वात मजबूत होती. आत दोन नारळ, चहापूड, मामीला आवडते ती खारी. वर माझ्याकडून एक चिठ्ठी, यातूनच पाठवा म्हणून. शुक्रवारी पिशवी वर गेली. मंगळवारी काकड्या घेऊन खाली आली. आईने त्यात शेवेचे लाडू घातले, शुक्रवारी परत वर. मंगळवारी शिराळी, आणि खाली कागदात बांधलेली मूठभर नाचणी, 'भाकरी करून बघा, यंदा गोड हाय' असा निरोप. त्या तीन आठवड्यांत आई आणि मामी जेवढं बोलल्या तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोलल्या नसतील, आणि तेही न बोलता. एकदा पिशवीचा बंद उसवून आला होता, तो मामीने लाल दोऱ्याने शिवून पाठवला. निळ्यावर लाल. आई तो टाका बघत बसली. "हात चांगला आहे तिचा," म्हणाली, जणू तीस वर्षांत तिला हे आजच कळत होतं.

मग गौरी आल्या आणि आईला ताप आला.

तो आठवडा मला फार नीट आठवतो. मंगळवारी आलेली पिशवी मी रिकामी केली. तळाला माती होती, एका कुजक्या शेंगेचा चिकट डाग होता. मी ती साबणाने घासली. दोन दिवस पंख्याखाली ठेवली तरी वाळेना, म्हणून शुक्रवारी सकाळी इस्त्री फिरवली. गरम कापडाचा वास आला, अगदी शाळेच्या सकाळचा. चौकड्या सरळ आल्या. मी तिची घडी घातली, चार कोपरे जुळवून. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की दुसऱ्याची वस्तू परत करताना मिळाली त्याहून चांगली करून द्यावी. बाळूदादांनी हॉर्न वाजवला तेव्हा मी खाली धावले आणि वाचनालयाचं पुस्तक द्यावं तशी ती घडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घडी उलटून पाहिली. "एवढीच?"

"हो," मी म्हटलं. आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आईने अंथरुणातून विचारलं, "दिलीस पिशवी?" मी हो म्हटलं. तिने कूस बदलली. आत काय घातलं हे तिने विचारलं नाही. पिशवी रिकामी जाईल, असा प्रश्न तिच्या मनात येण्यासारखाच नव्हता.

मंगळवारी हॉर्न वाजला नाही. शुक्रवारी नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. जीप जाताना दिसायची, थांबायची नाही. आईचा ताप उतरला होता. ती म्हणाली, "वेल संपले असतील." मग म्हणाली, "रस्ता खराब असेल, बाळूला थांबायला वेळ होत नसेल." तिसऱ्या वेळी ती हॉर्नच्या वेळेला गॅलरीत गेलीच नाही. पितृपक्ष लागला होता. मामाची तिथी दशमीची. त्याच्या नावाने पान वाढायचं, म्हाळ घालायचा, वर्षश्राद्धानंतरचा तो पहिलाच. बहिणीला बोलावणं येणार, ती जाणार, हे इतकं उघड होतं की आईने नेसायच्या दोन साड्याही काढून ठेवल्या होत्या. बोलावणं आलं नाही.

बाबा म्हणाले, "फोन करून विचार ना."

"काय विचारू? मला बोलावताय का, असं?" आई म्हणाली. "बोलावणं मागून घेतात का?"

साड्या तशाच टेबलावर होत्या. जेवताना आम्ही ताटं त्यांच्या बाजूला सरकवून ठेवायचो. कोणी त्या कपाटात परत ठेवल्या नाहीत.

मी जिना उतरून कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले ती शुक्रवारी. अनोळखी नव्हते बाळूदादा, तरी रस्त्यात जीप थांबवायची म्हणून मी दोनदा हात वर करून खाली घेतला. जीप भरलेली होती, सगळे माझ्याकडे बघत होते.

"दादा, मामीने काही दिलं नाही का?"

त्यांनी इंजिन बंद केलं. "खरं सांगू का ताय? मी पिशवी दिली मामीला. तिनं घडी उलगडली. आत हात घातला. मंग परत घातला, पार खालपर्यंत. मंग म्हणाली, 'बरं.' एवढंच."

"पण ती धुतली होती," मी म्हटलं.

मागच्या सीटवरच्या एक म्हातार्‍या बाई पुढे वाकल्या. "रिकामी पाठवलीस काय गो? आमच्यात रिकामं भांडं पण देत नाय कुणी परत. चिमूटभर साखर तरी टाकतात. रिकामं दिलं म्हणजे हिशेब मिटला, आता येणं-जाणं नाय."

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं ती रागवेल. ती भाजी निवडत होती, ते हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मला काय येतं आणि काय येत नाही हे पहिल्यांदाच मोजत असल्यासारखं.

"इस्त्री केलीस?"

"हो."

"अगं बाई," ती म्हणाली. मग हळूच, "माझा दादा असता तर चाललं असतं. तो हसला असता. वहिनीवर माझा काय हक्क आहे? तिला वाटलं असेल, नणंदेने नातं संपवलं."

"आता भरून पाठवू या ना."

"आता भरून पाठवली तर उपकार केल्यासारखं दिसेल. पिशवीने बिघडलं ते पिशवीने नाही गं सुधारत."

दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरची एस.टी. पकडली. आई नको म्हणाली नाही. हातात काहीच नव्हतं, तेच मला सर्वात विचित्र वाटत होतं. कशेडीच्या घाटात रात्री दरड कोसळल्यामुळे पोलादपूरच्या अलीकडेच ट्रकांची रांग लागली होती, शेवटचं अंतर चालत गेले. तिथून जीप. घाट चढताना मी वाक्यं जुळवत होते. मामी, मला माफ करा. नको, फार सिनेमातलं. मामी, एक गैरसमज झाला आहे. हे ऑफिसातलं. माझ्याकडे इंग्रजीत तीन चांगली वाक्यं होती आणि मराठीत एकही नाही. वर पठारावर धुकं होतं आणि बांधांवर सोनकीची पिवळी फुलं, इतकी, की रस्ता त्यांच्यामधून उरल्यासारखा दिसत होता.

मामी पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या मागे खुंटीवर माझी पिशवी होती. अजून घडीतच, बंदाने अडकवलेली.

"कोण गो? तू?" तिने माझ्या मागे बघितलं. "एकटी?"

"हो."

"आय बरी हाय ना?" हे विचारताना तिचा हात शेंगेवर थांबला.

"बरी आहे. ताप होता."

"कवा?"

"गौरीच्या वेळेला. आई झोपून होती. तेव्हा पिशवी मी दिली, मामी. आईला माहीतच नव्हतं. मी धुतली आणि…" सगळी जुळवलेली वाक्यं घाटातच राहिली होती. "आणि इस्त्री केली."

"इस्त्री केलीस."

"हो."

"पिशवीला."

"हो."

"का गो?"

"वाळत नव्हती."

मामीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. खांदे हलत होते, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "इंग्लिश शाळंत हेच शिकवतात काय गो? बाय माझे! आन मी इथं पंधरा दिवस…" आणि मग ती खरंच रडायला लागली. मी खाली बसून शेंगा गोळा करू लागले.

"म्हटलं, हे गेले," ती पदराने नाक पुसत म्हणाली, "तशी वन्संनी नात्याचीच घडी घालून पाठवली. आमच्या मातीचा कण पण नको झाला त्यांना. धुऊनशान काढला. मी काय त्यांची रक्ताची नाय. माझ्या मनानं कुणाला बोलवू? बोलवलं आन नाय आल्या तर?"

मला तेव्हा दिसलं, की घाटाखाली एक बाई दोन साड्या काढून बोलावण्याची वाट बघते आहे आणि घाटावर दुसरी बाई बोलवायला घाबरते आहे. मधे फक्त माझी घडी.

"येईल आई," मी म्हटलं. "साड्या काढून ठेवल्या आहेत."

"कधीपासनं?"

"पितृपक्ष लागायच्या आधीपासून."

मामी उठली. चुलीवर चहा ठेवला. पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "सांग वन्संला, म्हाळ दशमीला हाय, पण आदल्या दिशीच या म्हणावं. वडे मला एकटीला नाय जमायचे. आन तू पण ये. इस्त्री नको आणू."

आम्ही नवमीला गेलो. आईने जीपच्या पुढच्या सीटवर बसायचं ठरवलं आणि घाटभर सामानाची पिशवी मांडीवर धरून बसली. दारात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मला वाटलं आता काहीतरी होईल. आई म्हणाली, "वहिनी, वड्याचं पीठ भिजवलंस?" मामी म्हणाली, "तुमचीच वाट बघत होते, तुम्हाला माझं पीठ पातळ वाटतं ना." आई म्हणाली, "वाटतं काय, असतंच." आणि दोघी आत गेल्या. मी बाहेर उभीच.

दशमीच्या सकाळी घर वड्यांच्या वासाने भरून गेलं. मुंबईचा मामेभाऊ आला होता, भावकी आली होती. पाटावर मामासाठी पान वाढलं. आई आणि मामी चुलीपाशी बाजूबाजूला बसल्या होत्या, एक थापत होती, एक तळत होती, आणि वडा किती जाड असावा यावर अधूनमधून खालच्या आवाजात वाद चालला होता. तो वाद मला फार बरा वाटत होता. जपून बोलणाऱ्या बायका वाद घालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बाळूदादांची जीप खाली उभी होती. मामीने निळ्या चौकड्यांच्या पिशवीत काकड्या भरल्या, वर शिराळी, वर मूठभर आणखी काहीतरी, पिशवी तोंडापर्यंत आली. आई आपलं सामान आवरत होती. तिने एक साडी नेसली होती. दुसरी, तपकिरी, बारीक ठिपक्यांची, तिने वडे तळून झाल्यावर धुऊन आतल्या खोलीतल्या दांडीवर टाकली होती, मामीच्या साड्यांच्या शेजारी. मी जाता जाता हात लावून पाहिला. साडी वाळली होती.

आईने सामानाची पिशवी बांधली. तिने दांडीकडे बघितलं. मी पाहिलं तिला बघताना. मग ती पायरीकडे वळली आणि चपला घालू लागली.

मी तोंड उघडलं. आई, साडी राहिली, एवढंच म्हणायचं होतं, मला सहज जमेल असं वाक्य. मामी दारात उभी होती. तिने दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि 'राहू दे' अशी अगदी थोडी मान हलवली.

मी तोंड मिटलं. भरलेली पिशवी उचलली आणि आईच्या मागून जीपकडे चालू लागले.